बाईची कमाई आणि दोन साक्षीदार

वस्तीत मृत्युपत्राचा विषय काढला की दोन उत्तरे हमखास येतात. एक, "आपल्याकडे आहेच काय?" दुसरे, "असे अभद्र कशाला बोलता?" दुसऱ्या उत्तराचा विचार बौद्धांनी तरी करू नये. अनित्यता विहारात ऐकायची आणि घरी तिचा कागद करायला घाबरायचे, हे कसले धम्माचरण?

पहिले उत्तर मात्र तपासू. सफाई कामगार बाईचा भविष्यनिर्वाह निधी, शिक्षिकेचा वन रूम किचन, गावाकडची दहा गुंठे, बँकेतली ठेव ही संपत्ती नाही तर काय आहे? आपल्या आजी-पणजीकडे ती नव्हती. म्हणून तिचे पुढे काय करायचे याची सवयही आपल्याला लागलेली नाही.

मृत्युपत्र नसेल तर निर्णय १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा करतो. कलम २ प्रमाणे तो बौद्धांनाही लागू आहे. धर्मांतर केले, वारसा मात्र त्याच कायद्याने चालतो. आणि कलम १५ काय म्हणते? बाई मृत्युपत्र न करता वारली तर तिची स्वकष्टाची मिळकत आधी मुले आणि नवऱ्याकडे जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्याही मागे!

हे कागदावरच राहिलेले नाही. नारायणी देवी या बाईंचे लग्न १९५५ मध्ये झाले. तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरी राहून ती शिकली, नोकरीला लागली. १९९६ मध्ये वारली, तेव्हा बँकेत आणि भविष्यनिर्वाह निधीत मोठी रक्कम होती. तिच्या आईने दावा लावला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली. सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. एका कागदाने हे टळले असते.

बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिलाची अडवणूक हे एक मोठे कारण होते. स्त्रीची संपत्तीवरची पूर्ण मालकी हा त्या बिलाचा गाभा होता. आज ती मालकी कायद्यात आहे, पण मालकीणच मुकी राहते.

मृत्युपत्राचा दुसरा उपयोगही आपल्या समाजात चालतो, तो लपवू नये. मुलीला कायद्याने वाटा मिळतो म्हणून बाप मृत्युपत्रात सगळे मुलाच्या नावावर करतो. उरलेल्यांकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, वर "बहिणीला माहेर तुटू नये" हा उपदेश. जयंतीच्या स्टेजवर सावित्रीमाईंचा फोटो आणि घरात हे? मृत्युपत्र लिहा म्हणताना मी हे लिहा म्हणत नाही.

लिहायला वकील लागतोच असे नाही. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. आपल्या मराठीत, आपल्या हाताने, तारीख घालून लिहा. मिळकत ओळखू येईल अशी लिहा: गाव, तालुका, गट नंबर, खाते नंबर. "माझे सगळे" एवढ्यावर भागवू नका. इनामी किंवा सरकारने दिलेल्या जमिनीला अटी असतात, तेवढे तलाठ्याकडे आधी विचारा. नॉमिनी टाकलाय म्हणून निश्चिंत असणाऱ्यांसाठी: शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नॉमिनी मालक होत नाही.

सगळ्यात जास्त घोळ साक्षीदारांचा होतो. स्वतःच्या अक्षरात लिहिले म्हणजे झाले, हा गैरसमज आहे. किमान दोन साक्षीदार हवेत. त्यांच्यासमोर तुम्ही सही करायची आणि तुमच्यासमोर त्यांनी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका, उगाच संशयाला जागा. पुढे वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभे राहावे लागते, म्हणून तुमच्याहून वयाने लहान, गाव न सोडणारे निवडा. आईला लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहावे, तिला मोठ्याने वाचून दाखवावे, वाचून दाखवल्याचे त्यातच नोंदवावे आणि साक्षीदारांसमोर तिचा अंगठा घ्यावा. अंगठा चालतो. मन बदलले तर नवे लिहावे, शेवटचे तेच खरे धरतात. आणि कागद कुठे ठेवलाय हे मुलीलाही सांगावे.