हिरवळीची तहान

गोंदिया जिल्ह्यातील उन्हाळा कसा असतो, हे तेथील मुलांना सांगावे लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन पोहोचतो. नवतपा सुरू झाला, की दुपारी रस्ते ओस पडतात आणि गुरे सावली धरून उभी राहतात. अशा टळटळीत दुपारी एखाद्या कचेरीच्या किंवा शाळेच्या आवारात कोणी रबरी नळीने हिरवळीवर पाणी उडवीत असतो. तुषार उन्हात चमकतात, पाती ओली होतात, पाहणाऱ्याचे डोळे निवतात. गवताची तहान मात्र तशीच राहते. कारण गवत पाण्याने भिजते पात्यांवर आणि पाणी पिते मुळांनी!

दुपारी घातलेल्या पाण्यातील बराच भाग जमिनीत उतरण्यापूर्वीच वाफ होऊन जातो. उन्हात पाणी घातल्यास थेंब भिंगासारखे काम करून पाने जाळतात, असा एक समज आहे. हंगेरीतील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गुळगुळीत पाने अशी जळत नसल्याचे दिसून आले. तेव्हा दुपारचे पाणी टाळावयाचे ते पाने जळतील म्हणून नव्हे, पाणी फुकट जाते म्हणून. पहाटेची वेळ सर्वांत चांगली. त्या वेळी हवा थंड असते, वारा पडलेला असतो, आणि उन्हे चढेपर्यंत पाणी मुळांपाशी पोहोचलेले असते. संध्याकाळही दुपारपेक्षा बरी. पण गवत रात्रभर ओले राहिल्यास बुरशीला आयते आमंत्रण मिळते.

वेळेइतकेच महत्त्व प्रमाणाला आहे. रोज थोडे थोडे पाणी शिंपडणे ही गवतावरील माया वाटते. वस्तुतः ती त्याला लावलेली वाईट सवय होय. वरचा थर रोज ओला मिळाला, की मुळे वरच घोटाळतात, खोल जात नाहीत, आणि एक दिवस पाणी चुकले तरी गवत माना टाकते. याउलट आठवड्यातून एकदाच, पण वीतभर माती भिजेल असे पाणी दिले, तर मुळे ओलाव्याचा माग काढीत खाली उतरतात. येथे थोडे गणित करून पाहावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लीटर. शंभर चौरस मीटर हिरवळीला आठवड्यातून एकदा २५ मिलिमीटर पाणी दिले, तर २,५०० लीटर लागतात. रोज ५ मिलिमीटर शिंपडले, तर आठवड्याला ३,५०० लीटर खर्च होऊनही मुळे उथळच राहतात. अधिक खर्चून कमी मिळविण्याचा हा व्यवहार कोणता शहाणा दुकानदार करील?

मातीचा स्वभावही ओळखावा लागतो. काळी कन्हार माती पाणी सावकाश पिते. तिच्यावर एकदम पाणी ओतले तर ते वाहून जाते. म्हणून थोडे घालावे, मुरू द्यावे, मग पुन्हा घालावे. बरडी जमिनीतून पाणी झरझर खाली जाते, म्हणून तिला तेच पाणी आठवड्यातून दोन वेळा विभागून द्यावे. गवताला तहान लागली आहे की नाही, हे त्यालाच विचारता येते. हिरवळीवरून चालत जावे आणि मागे वळून पाहावे. पाती लगेच उभी राहिली तर पाण्याची घाई नाही. पावलांचे ठसे तसेच राहिले तर पाणी द्यावे. उन्हाळ्यात गवत फार आखूडही कापू नये. उंच पाती स्वतःच्याच मुळांवर सावली धरतात.

हे सर्व करूनही एक प्रश्न उरतोच. मे महिन्यात विहिरी तळ दाखवू लागल्या असता हिरवळ हिरवीच राहिली पाहिजे, असा हट्ट कशासाठी? कापलेल्या हिरवळीची आवड मुख्यतः इंग्रजांकडून आपल्याकडे आली. त्यांच्या देशात बारमाही पाऊस भुरभुरतो. तेथे हिरवळ आकाशच शिंपते. गोंदियाचा पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. म्हणूनच येथील कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळी घालून पाणी अडविले आणि तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव सरकारकडे गेले. म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. पावसाने ओढ दिली की धानाला त्यांचेच पाणी मिळते. उन्हाळ्यात ते आटत जातात, आणि जे काही उरते त्यावर गुरे, मासळी व सारसासारखे पक्षी तग धरतात. अशा प्रदेशात केवळ शोभेसाठी हजारो लीटर पाणी ओतणे शोभत नाही.

“मग शाळेचे अंगण उजाड दिसू द्यावयाचे काय?” असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. शोभेलाही मोल असते. परंतु आपल्याकडील हरळी पिवळी पडली म्हणजे मेली, असे नव्हे. गणपतीला दूर्वा म्हणून वाहतात तीच ही हरळी. परदेशात हिला बर्म्युडा गवत म्हणतात आणि मोठमोठ्या क्रीडांगणांवर मुद्दाम लावतात. पाणी तुटले की ती पाने वाळवते आणि जमिनीखालच्या कांड्यांत जीव धरून स्वस्थ झोपी जाते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा १२ मिलिमीटर पाणी तिला जगण्यास पुरते. शंभर चौरस मीटरांसाठी ते १,२०० लीटर होते, आणि तेही पाण्याचा तुटवडा नसेल तरच द्यावे. एवढेही शक्य नसल्यास अंगणातील नुकत्या लावलेल्या रोपांना पाणी द्यावे आणि हरळीला झोपू द्यावे. रोप एकदा वाळले तर पुन्हा फुटेलच असे नाही.

जूनमध्ये मृगाच्या दोन-चार दमदार सरी पडतात आणि शेतकरी धानाचे पऱ्हे टाकण्याच्या तयारीला लागतो. त्याच सुमारास शाळा उघडतात. उन्हाळाभर पिवळ्या पडलेल्या त्या अंगणात तेव्हा कांड्याकांड्यांतून कोवळे कोंभ वर आलेले असतात.