खड्डा चार फुटी, हातात पेंटचा डबा

भावांनो, शारजा, फुजैरा, रास अल खैमाकडे ज्यांनी फेन्सिंगचं काम केलंय त्यांना हे चित्र नवीन नाही. खांबासाठी चार फूट खोल खड्डा घ्यायचाय. हत्यार काय? एक पहार, एक फावडं आणि पेंटचा रिकामा डबा. पहारीने तळ ढिला करायचा, मग पोटावर झोपून, डोकं-खांदा आत घालून डब्याने वाळू उपसायची. हे आपण इतकी वर्षं करतोय की आपल्याला ते कामच वाटायला लागलंय. ते काम नाही. ती मालकाची बचत आहे आणि ती आपल्या पाठीतून निघते.

माझ्या गँगमध्ये सोलापूरकडचा एक पोरगा होता. असाच आत वाकलेला असताना खड्ड्याची कड ढासळली. दोघांनी पाय धरून ओढून काढला म्हणून वाचला. नाकातोंडात वाळू, खांदा सुजलेला. फोरमनने पाणी दिलं, कागदावर काही लिहिलं नाही आणि जेवणानंतर त्याच खड्ड्यावर त्यालाच लावला. त्या दिवशी मी गप्प बसलो. हा लेख त्याचीच भरपाई समजा.

आधी हिशोब करू, कारण मालकाला हिशोबाचीच भाषा कळते. फूटभर व्यासाचा, चार फूट खोल गोल खड्डा म्हणजे साधारण सव्वातीन घनफूट माती. दाबून बसलेल्या वाळूचं वजन घनफुटाला 50 किलोच्या आसपास धरा. म्हणजे एका खड्ड्याला 160 किलो. आता डब्याचा खड्डा बघा. त्यात माणसाचा खांदा मावायला हवा, म्हणून तो दोन बाय दोन फुटांचा होतो. चार फूट खोलीला 16 घनफूट, म्हणजे 800 किलो. खांब तोच, खोली तीच, उपसायची माती मात्र पाचपट. दिवसाला असे पाच खड्डे केले की चार टन माती तुमच्या हाताखालून गेली. खड्ड्याचा आकार खांबाने ठरवायला हवा. इथे तो आपल्या खांद्याने ठरतो.

आणि एवढा मोठा खड्डा भरायचा कशाने? काँक्रीटने. शंभर खांबांना योग्य मापाचे खड्डे असतील तर 9 क्यूबिक मीटर काँक्रीट लागतं, डब्याच्या खड्ड्यांना 45. ते वाचवायला मालक कडेने मातीच ढकलायला सांगतो. ती नीट ठोकून बसत नाही, खांब हलतो, आणि मग ‘काम खराब केलं’ म्हणून शिव्या कोणाला? आपल्याला. म्हणून ‘मशीनचं भाडं परवडत नाही’ असं फोरमन म्हणाला की त्याच्याशी पाठदुखीवर बोलू नका. काँक्रीटवर बोला. त्याचे कान लगेच टवकारतील.

पण नुसतं ‘मशीन द्या’ म्हणूनही भागत नाही. जमीन बघून हत्यार मागता आलं पाहिजे.

मोकळी कोरडी वाळू असेल तर ऑगर फिरवून फारसा फायदा नाही. वर काढलेली वाळू परत आत येते. तिथे पाणी मारून वाळू ओली करायची, किंवा रुंद पाइपचा तुकडा आत दाबत न्यायचा आणि पाइपच्या आतली वाळू काढायची. काढायला दोन दांड्यांचं, चिमट्यासारखं मिटणारं फावडं मिळतं ते मागा. उभ्याने काम होतं, डोकं आत घालावं लागत नाही. त्याची एक मर्यादा आहे. तीन फुटांच्या खाली गेलं की दांडे फाकवायला जागा राहत नाही. उरलेल्या फुटासाठी लांब दांड्याचा हाताने फिरवायचा ऑगर लागतो. दोन्ही हत्यारं साधी आहेत. कंपनी ती देत नसेल तर कारण गरिबी नाही.

वाळूखाली सिमेंटसारखा आवळलेला थर लागला, ज्याला साइटवर गॅच म्हणतात, तिथे हाताची हत्यारं संपली. तिथे बॉबकॅटला लावलेला ऑगरच हवा. आणि डोंगराकाठच्या दगडगोट्यांत तर एकट्याने धरायचा पेट्रोल ऑगर हातात घेऊच नका. पातं दगडात अडकलं की ते थांबतं आणि मशीन तुम्हाला फिरवतं. मनगट, बरगडी, दात, काहीही जाऊ शकतं. दगडाच्या जागी यंत्रावर बसवलेला ब्रेकर किंवा दगडाचा ऑगर लागतो. पहार आहे ती एखादा गोटा हलवायला. शंभर खड्डे कोरायला नाही.

मशीन आलं तरी डोळे उघडे ठेवा. गळ्यातला रुमाल, शेमाग, सैल बाही फिरत्या पात्याजवळ नको. पात्याला चिकटलेली माती काढायची तर आधी इंजिन बंद. आणि सगळ्यात आधी विचारा, इथे खाली केबल आहे का? परवानगीचा कागद आलाय का, हाताने जपून चाचणीचा खड्डा घेतलाय का? खणताना केबलवरची इशाऱ्याची पट्टी दिसली की हात थांबला पाहिजे. आंधळेपणाने मारलेली पहारसुद्धा केबल फोडते, आणि ती पहार लोखंडाची असते.

आता ते काय म्हणतात ते ऐका. ‘तुम्ही महाराष्ट्रवाले तर विहिरी खणणारे लोक, हा खड्डा म्हणजे काय!’ हे ऐकून आपली छाती फुगते, राव, आणि तिथेच आपण फसतो. गावाकडे विहिरीवर आता यारी आणि पोकलेन येतात. बाप पहारीने खणायचा कारण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. त्याच्या कंबरेचं पुढे काय झालं हे आपल्याला माहीत आहे. त्या कंबरेचा अभिमान धरा, पण ती स्वस्तात विकू नका.

दुसरं म्हणतात, ‘मशीन आलं तर तुमचं काम जाईल.’ मशीन फक्त भोक पाडतं. खांब ओळंब्यात उभा करणं, काँक्रीट भरणं, ताण देऊन जाळी ओढणं हे माणसाचंच काम आहे. आणि आपली नोकरी केवळ आपलं शरीर मशीनच्या भाड्यापेक्षा स्वस्त आहे म्हणून टिकली असेल, तर मणका सरकला त्या दिवशी ती जाणारच. मग विमानाचं तिकीट हातात आणि डॉक्टरचा खर्च गावाकडच्यांच्या माथी.

थोडं आपल्यालाही बोलतो. ‘मी आज आठ खड्डे मारले’ असं कॅम्पमध्ये कोण सांगत फिरतं? आपणच. दुसऱ्या दिवशी फोरमन तोच आकडा सगळ्यांचा टार्गेट करतो. एकाची फुशारकी, बाराजणांची पाठ.

इथे युनियन नाही, हे मला माहीत आहे. संप करा असं मी सांगत नाही, ते सांगून मी मोकळा होईन आणि तुम्ही अडकाल. पण सकाळी टूलबॉक्स टॉक होतो ना? रजिस्टरवर सही घेतात ना? तिथे विचारा. एकट्याने नको, तिघा-चौघांनी मिळून. ‘सर, आज जमीन कोणती, हत्यार कोणतं, केबल बघितली का, खड्डा उघडा राहिला तर झाकायला काय?’ एवढे चार प्रश्न. संरक्षणाची साधनं पुरवणं ही अमिरातीच्या 2021 च्या 33 क्रमांकाच्या कायद्यात मालकाची जबाबदारी आहे, मेहेरबानी नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम घेणं बंद आहे. मोडलं तर माणशी 5,000 दिरहम दंड, जास्तीत जास्त 50,000. ‘खड्डे मागे पडलेत’ म्हणून त्या वेळेत पहार हातात देत असतील तर 600590000 या मंत्रालयाच्या नंबरावर तक्रार करता येते.

अपघात झाला तर तारीख, वेळ, जागा, हजर माणसं त्याच दिवशी वहीत लिहा. खड्ड्याचा फोटो काढला तर जवळ ठेवा, फेसबुकवर टाकू नका. तिथे तो तुमच्यावरच उलटू शकतो.

उद्या सकाळी कोणी तुमच्या हातात पेंटचा डबा दिला, तर तो घेण्याआधी एकदा त्याच्याकडे बघून विचारा, ‘सर, या डब्याने खणायचं तर डोकं आत घालावं लागेल. कोणाचं घालू?’