वेल्डर मिळतील, सुपरवायझर घडवा

उरणच्या मोरा बंदरातून लाँच पकडली की समोर मुंबईच्या गोद्या. तिथली ह्यूजेस ड्राय डॉक १९१४ सालची. जहाजाच्या स्टील दुरुस्तीचं सब-कॉन्ट्रॅक्ट घ्यायचंय? माझं स्पष्ट मत: मशीनच्या आधी चांगला सुपरवायझर ठेवा.

प्लेट बदलायचं बिल बहुतेकदा किलोवर होतं. १० मिमी जाडीची एक चौरस मीटर प्लेट म्हणजे ७८.५ किलो. जुनी प्लेट भंगारात जायच्या आधी दोघांनी मिळून मोजमाप करा, सही घ्या. नाहीतर ते किलो तुमच्या खिशातून गेलेच!

आणि टाकीचं गॅस-फ्री सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय गॅस कटर पेटवायचा नाही, मालकाची कितीही घाई असो. बुडालेलं बिल पुन्हा कमावता येतं, माणूस नाही.

मग सांगा, तुमच्या टीममध्ये ‘थांबा’ म्हणणारा कोण आहे?