मैदानाबाहेरची डर्बी

कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर १८ ऑगस्ट २०२४ रोजी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यातील ड्युरँड चषकाचा सामना व्हायचा होता. तो झाला नाही. आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्टला एका प्रशिक्षणार्थी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या केल्याचे उघडकीस आले होते आणि सारे शहर संतापले होते. बंदोबस्ताचे कारण देऊन सामना आदल्या दिवशी रद्द करण्यात आला. दोन्ही संघांना एकेक गुण मिळाला. प्रेक्षागृहातून निषेधाच्या घोषणा घुमतील, या धास्तीपोटीच हे झाले, असा समर्थकांचा आरोप होता.

सामना रद्द झाला, प्रेक्षक मात्र आले. जमावबंदी झुगारून दोन्ही क्लबांचे समर्थक स्टेडियमबाहेर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मोहम्मडन स्पोर्टिंगचे पाठीराखेही त्यांना मिळाले. पोलिसांनी लाठ्या चालविल्या, धरपकड केली. सामन्यासाठी अपुरे ठरलेले पोलीस बळ निदर्शकांना रोखण्यासाठी कुठून आले, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्तच होता.

या एकजुटीचे मोल कळण्यासाठी त्यामागचे वैर समजून घ्यायला हवे. १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा तो विजय राज्यकर्त्यांवरचा मानला गेला. १९२० मध्ये स्थापन झालेला ईस्ट बंगाल फाळणीनंतर पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांचा आधार बनला. मूळचे 'घोटी' आणि विस्थापित 'बांगाल' यांच्यातील ही चुरस घराघरांत शिरली. विजयाच्या दिवशी कोळंबी शिजणार की हिल्सा, हे निकालावर ठरू लागले. याच आवेशाने १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर १६ प्रेक्षकांचे बळीही घेतले. त्यामुळे या वेडाचे सरसकट गोडवे गाण्याचे कारण नाही.

तरीही 'खेळात राजकारण नको' हा उपदेश येथे पोकळ ठरतो. जानेवारी २०२०च्या डर्बीत ईस्ट बंगालच्या समर्थकांनी नागरिकत्वाच्या वादावर फलक झळकावला होता: ही भूमी आम्ही रक्त देऊन मिळविली, कागद दाखवून नव्हे, असा त्याचा आशय. ज्यांच्या आजोबांनी घरदार सोडले, त्यांच्यासाठी तो राजकीय डावपेच नव्हता; ती कुटुंबाची कहाणी होती.

आर. जी. कर प्रकरणातील आरोपीला जानेवारी २०२५ मध्ये जन्मठेप झाली. घोषणांनी न्याय मिळत नाही, तो न्यायालयातच मिळतो, हे खरेच. परंतु नागरिकांना पक्ष, जात, गाव विसरून एकत्र येता येईल अशा जागा शहरांत कमी होत आहेत. फुटबॉलचे प्रेक्षागृह ही त्यांपैकी एक. तिला कुलूप लावल्याने प्रश्न मिटत नाहीत. ते रस्त्यावर येतात, एवढा धडा त्या रविवारने दिला.