पिशवीचे बंद आणि आपले हात

खते, बियाणे, कीड आणि जनावरांचे आजार यांविषयी आपण नेहमीच वाचतो. आज एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या वस्तूविषयी लिहायचे आहे. ती म्हणजे पिशवीचा बंद, डब्याची मूठ, किटलीची कडी. यात लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. पण वाचून झाल्यावर आपल्या घरातील बाईचा हात एकदा उताणा करून पाहावा, एवढीच विनंती आहे.

मागच्या हंगामात बाजाराच्या दिवशी आपल्याकडील एक बाई रताळ्यांची पिशवी घेऊन एसटीतून उतरल्या. चर्चच्या पायरीवर पिशवी टेकवून त्या बोटे चोळत बसल्या होत्या. चारही बोटांवर पांढरी रेघ उठली होती आणि तिच्या कडेला लाल वळ होता. विचारले तर म्हणाल्या, "हे रोजचंच आहे, फादर विचारतील म्हणून हात पदराखाली घेते." रात्री अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या येतात, हात झाडल्यावर बरे वाटते, असेही त्या सांगत होत्या. त्याला त्यांनी वात असे नाव दिले होते आणि त्यावर तेल चोळणे चालू होते. पिशवीकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते. तिचे बंद म्हणजे नायलॉनची दोन पातळ दोरखंडे होती.

आता दुसरे चित्र पाहा. त्याच घरात बैलजोडी आहे. जू नवे करायचे झाले की घरधनी सुताराजवळ बसून राहतो. खांद्यावर येणारी बाजू गोल झाली का, कडा मोडल्या का, गाठ राहिली नाही ना, हे तो हाताने चाचपून पाहतो. कारण खांदेसूज झाली तर ऐन नांगरणीत बैल बसून राहील, हे त्याला पक्के ठाऊक असते. आपले शेजारी बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि लोण्याने मळतात, त्यामागेही हीच जाण आहे. येशू सुतार होता हे आपण शुभवर्तमानात वाचतो. दुसऱ्या शतकातील हुतात्मा संत जस्टिन यांनी तर तो नांगर आणि जू करीत असे, असे लिहून ठेवले आहे. ज्याने जू घडवले त्याला ओझे कुठे टोचते हे कळत असलेच पाहिजे. बैलाच्या मानेची एवढी काळजी घेणारे आपण बायकोच्या हाताला मात्र दोरी देतो, हे मला बरे वाटत नाही.

ओझ्याने हात दुखतो, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. ओझे किती जागेवर टेकते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. हिशेब सोपा आहे. चार बोटांची मिळून रुंदी सुमारे ८ सेंटीमीटर धरा. पिशवीत १० किलो माल आहे. पातळ बंद गोळा होऊन अर्ध्या सेंटीमीटरची दोरी झाली, तर ते १० किलो फक्त ४ चौरस सेंटीमीटर जागेवर टेकतात. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर अडीच किलो. तीच पिशवी गोल, जाड मुठीने धरली आणि मूठ बोटांवर अडीच सेंटीमीटर टेकली, तर जागा २० चौरस सेंटीमीटर होते आणि दाब अर्ध्या किलोवर येतो. रताळे एकही कमी केले नाही, आणि बोटांवरचा दाब मात्र पाचपट कमी झाला.

बोटांच्या दोन्ही कडांनी, तळव्याच्या बाजूला, बारीक नसा आणि रक्तवाहिन्या जातात. दोरी नेमकी तिथेच रुतते. रक्त थांबले म्हणून बोट पांढरे पडते आणि नस दबली म्हणून ते बधिर होते. शिवाय बोटे मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात. त्यांच्या दोऱ्या मनगटातील एका अरुंद वाटेतून बोटांकडे जातात आणि त्याच वाटेतून एक महत्त्वाची नस जाते. मूठ पातळ, निसरडी किंवा हातात फिरणारी असली की बोटे गरजेपेक्षा जास्त आवळावी लागतात. हे वर्षानुवर्षे चालले की त्या वाटेत नसेवर दाब येऊ शकतो. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येणे ही त्याची ओळखीची खूण आहे. अशी खूण असेल तर तेल चोळत बसू नये, डॉक्टरांना हात दाखवावा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर अधिकच जपावे, कारण नसा मंदावल्या की रुतलेले कळतच नाही.

न कळण्याचा हा धोका ज्यांनी जगाला समजावून दिला ते डॉक्टर पॉल ब्रँड आपल्याच दक्षिण भारतात, तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात, १९१४ साली मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मले. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातांवर काम करू लागले. त्या काळी लोकांची समजूत अशी होती की या रोगात बोटे आपोआप झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिले की दुखणेच जाणवत नाही म्हणून रुग्ण हत्यार नको इतके आवळून धरतो, तापलेले भांडे उचलतो, त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब देतो आणि हात स्वतःच जखमी करून घेतो. दुखणे ही देणगी आहे, असे ते सांगत. आपली बोटे दुखतात म्हणजे ती अजून आपल्याला हाक मारीत आहेत. त्या हाकेला ओ द्यायची की पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे चालायचे?

"आमच्या आज्या डोक्यावरून ओझी नेत, त्यांना कुठे होत्या मुठी?" असे एक गृहस्थ मला म्हणाले. त्यांना मी चुंबळीची आठवण करून दिली. जुन्या लुगड्याचा तो पिळा म्हणजे मूठच की! घागरीचा गोल तळ टाळूवर एका टोकाला टेकू नये, भार सगळीकडे पसरावा, म्हणून ती चुंबळ. कावडीचा बांबूही खांद्यावर येतो तिथे चपटा आणि गुळगुळीत केलेला असे. जुन्या माणसांना हे शिकवायला कोणी आले नव्हते, त्यांच्या अंगानेच त्यांना शिकवले होते. प्लास्टिकची पिशवी फुकट मिळू लागली आणि आपण ती विद्या सोडून दिली. आता तीही गेली. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि देशभर २०२२ च्या अखेरीपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. घरोघरी पुन्हा कापडी पिशव्या आल्या आहेत. शिवायच्याच आहेत तर नीट का शिवू नयेत?

नीट म्हणजे कशा, याचेही माप उपलब्ध आहे. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेसाठी 'नायॉश' नावाची सरकारी संस्था आहे. ओझे उचलण्याविषयीचे आपले सूत्र तिने १९९१ साली सुधारले. त्यात उत्तम मूठ कोणती ते दिले आहे : जाडी १.९ ते ३.८ सेंटीमीटर, लांबी निदान ११.५ सेंटीमीटर, आत हात जायला ५ सेंटीमीटर मोकळी जागा, आकार गोल, पृष्ठभाग गुळगुळीत पण न निसटणारा. सगळे अगदी अनुकूल असताना दोन्ही हातांनी २३ किलोपर्यंत उचलावे, असे ते सूत्र म्हणते. मात्र धरायला नीट जागा नसेल तर त्यातून दहावा हिस्सा वजा करावा लागतो, म्हणजे २०.७ किलो उरतात. एका मुठीपायी सव्वादोन किलोंची वजावट! खरे तर शेताच्या बांधावर, वाकून, चिखलात उभे राहून काहीच अनुकूल नसते, तेव्हा आपला आकडा त्याहून पुष्कळ खाली धरावा.

आता पिशवी. आपल्याकडे सर्रास चूक होते ती अशी की बंद पिशवीच्या तोंडाला नुसता टाचला जातो. सगळा भार तेवढ्या चार टाक्यांवर येतो आणि एक दिवस नेमकी बाजारात शिवण उसवते. बंद तळाखालून फिरवून घ्यावा, म्हणजे पिशवी त्याच्या झोळीत बसल्यासारखी राहते आणि कापडावर ताण येत नाही. ४० सेंटीमीटर उंच आणि १२ सेंटीमीटर तळाच्या पिशवीला, दोन्ही बाजूंना ४५ सेंटीमीटरचा फास ठेवून, सुमारे पावणेतीन मीटर पट्टी लागते. जोडासाठी १० सेंटीमीटर जास्त घ्यावी आणि जोड तळाखाली यावा. पिशवीच्या तोंडाजवळ कापड दुहेरी दुमडून तिथे पट्टीवर चौकोनी टीप मारावी आणि चौकोनात फुली काढावी. दोरा सुती नको, नायलॉनचा घ्यावा. नायलॉन पट्टीची कापलेली टोके मेणबत्तीवर धरून वितळवावी, म्हणजे धागे सुटत नाहीत. फास याहून लांब ठेवण्याचा मोह टाळावा. ठेंगण्या बाईची पिशवी जमिनीला घासू लागते, मग ती सगळी वाट कोपर वाकवून चालते.

पट्टी रुंद घेतली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. ४ सेंटीमीटर रुंद पट्टी भाराने मध्येच दुमडते आणि तिची कड बोटाला कापते. म्हणून मधल्या १२ सेंटीमीटर भागात पट्टी उभी दुमडून आत सुती दोर घालावा आणि शिवून टाकावी. इथे एक गोष्ट मी स्वतः चुकलो. मी प्रत्येक बंद छान ३ सेंटीमीटर जाड केला आणि मग लक्षात आले की दोन्ही बंद एका हातात धरायचे आहेत. ती जाडी बायकांच्या मुठीत मावेना. प्रत्येक बंद दीड सेंटीमीटर ठेवावा, म्हणजे दोन्ही मिळून बरोबर होतात. मूठ फार जाड झाली तरी बोटे मिटत नाहीत आणि ताकद तशीच वाया जाते.

किटलीच्या आणि बादलीच्या तारेच्या कडीलाही हेच लागू आहे. पुष्कळजण तिच्यावर पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवतात. तो सैल असेल तर हातात गरगर फिरतो आणि बोटे उलट जास्त आवळावी लागतात. घट्ट बसेल असाच घ्यावा. पोत्यांचे म्हणाल तर तागाच्या पोत्याचे कान तरी धरता येत. प्लास्टिकचे पोते निसटते. कोपऱ्यात मूठभर दाणे कोंबून वरून सुतळी आवळली की धरण्यापुरता कान होतो. युरियाची पिशवी २०१८ साली ५० वरून ४५ किलोंवर आली, पण ती उचलायला अजून दोन माणसेच लावावीत. भाजीच्या खोक्याला हात घालायची भोके असतात, त्यांच्या कडा आधी बोटाने तपासाव्या.

एक इशारा पाठीवरच्या पंपाविषयी. १६ लिटरच्या टाकीत नुसते पाणीच १६ किलोंचे होते. तिचे पट्टे खांद्यावर निदान ५ सेंटीमीटर रुंद हवेत. पण मऊ वाटावे म्हणून त्यांना चिंध्या किंवा उघडा स्पंज गुंडाळू नये. टाकीतून गळलेले औषध तो स्पंज शोषून घेतो आणि दिवसभर तुमच्या कातडीला लावत बसतो. गादी हवीच असेल तर पाणी न शोषणारी घ्यावी आणि काम संपल्यावर पट्टेही टाकीबरोबर धुवावेत.

मुलांच्या दप्तरांबद्दल फार लिहीत नाही. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा दप्तर जड नसावे असे ठरवले आहे. दोन रुंद पट्टे दोन्ही खांद्यांवर, एवढे घरी पाहता येईल.

शेवटी थोडे आपल्या घरचे. ज्युबिली झाली, फेस्त झाले की आपण पिशव्या वाटतो. एका ठिकाणी अशा सुंदर पिशव्या वाटलेल्या पाहिल्या. त्यांच्यावर चर्चचे चित्र होते, साल होते, देणगीदारांची नावे होती आणि बंद म्हणजे कागदासारख्या दोन पट्ट्या होत्या. दोन किलो तांदूळ घातले आणि एक पट्टी हातात राहिली. छपाईवरचे पैसे थोडे कमी करून बंदावर घातले तर पिशवी दहा वर्षे टिकेल. हे काम बाहेर देण्याचीही गरज नाही. आपल्याकडे महिला मंडळ आहे, शिवणयंत्रे आहेत. वर दिलेल्या मापाची एक पिशवी करून, १० किलो बटाटे भरून, चर्चपासून बसस्टँडपर्यंत नेऊन पाहावी. ती कार्यकारिणीतील पुरुष सभासदांनी न्यावी, अशी माझी सूचना आहे. मग बंदासाठी पैसे मंजूर करायला वेळ लागणार नाही.

ज्यांना तोवर थांबायचे नसेल त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा घ्यावा, उभा चिरावा आणि आहे त्याच पिशवीच्या दोन्ही बंदांभोवती मिळून घट्ट गुंडाळून दोन्ही टोकांना सुतळी बांधावी. पंक्चरवाला तो बहुधा फुकट देतो. फक्त आधी साबणाने खरवडून धुवावा, नाहीतर पहिले दोन दिवस हात काळे होतात.