पाइप स्टीलचा, पण ऑइल कधीचं?

‘स्टीलचा ब्रेक पाइप टाकून द्याल का?’ हा प्रश्न आता फक्त पुण्या-मुंबईच्या चकचकीत दुकानांत विचारला जात नाही. पेणजवळच्या रामवाडीत, महामार्गाच्या कडेला पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर आणि हाताखाली दोन पोरं एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या गॅरेजातही गिऱ्हाईक कुरियरचं पाकीट घेऊन उभं राहतं. पाकिटात लाल नाहीतर निळ्या वेष्टणाचा पाइप, सोनेरी बँजो बोल्ट. हे बसलं की गाडी जागच्या जागी थांबणार, अशी त्याची पक्की समजूत असते.

रामवाडीचं नाव आम्ही उगाच घेतलेलं नाही. ब्रेकची परीक्षा घ्यायला इतकी चांगली जागा कोकणात शोधून सापडणार नाही. एसटीच्या रायगड विभागाचं ठाणं इथलंच, त्यामुळे हवेचा ब्रेक, लायनिंग, ड्रम हे शब्द इथल्या पोरांच्या कानावर लहानपणापासून पडलेले. दुचाक्यांना द्रुतगती मार्ग बंद, म्हणून पुण्याहून अलिबागला निघालेली पोरं जुन्या रस्त्याने बोरघाट उतरून खोपोलीमार्गे पेणला येतात. घाटात त्यांच्या डिस्क चांगल्याच तापलेल्या असतात. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून इथल्या गाड्यांच्या कॅलिपरांनी किती धूळ खाल्ली, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. शिवाय खाडी, मिठागरं आणि खारी हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. आणि गणपतीत मुंबईहून निघालेले चाकरमानी, ज्यांच्या दीडशे सीसीच्या गाडीवर दोन माणसं, एक पोर, टाकीवर बॅग आणि मागे बांधलेली पिशवी असते. पुढे काशेडीपर्यंतचा सगळा भार त्या एका पुढच्या डिस्कवर.

आमचं म्हणणं सरळ आहे. स्टीलचा पाइप चांगली वस्तू आहे आणि ज्याला हवा त्याला जरूर बसवून द्या. पण त्याने ब्रेकची ताकद वाढते असं सांगून विकू नका. आणि ब्रेक ऑइल बदलण्याचं काम आधी हातात घेतल्याशिवाय तो बसवू नका.

ताकद का वाढत नाही, हे गिऱ्हाइकाला पटवायचं तर आधी आपल्याला नीट माहीत हवं. कॅलिपरमधल्या पिस्टनवर येणारा दाब ठरतो तो लिव्हरवरचा जोर, लिव्हरचं गुणोत्तर आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ यांवर. पाइप त्यात कुठे येत नाही. रबरी पाइप दाबाखाली थोडा फुगतो, हे खरं. पण फुगून झाला की दाब पॅडपर्यंत पूर्ण पोहोचतोच. फुगण्यात खर्च होतो तो लिव्हरचा प्रवास. हिशेब करून बघा. मास्टर सिलिंडरचा पिस्टन १२.७ मिमी व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण १.२७ चौरस सेंटीमीटर येतं. पाइप फक्त ०.२ सीसी फुगला, तरी पिस्टनला दीड मिमीहून जास्त आत जावं लागतं. लिव्हरचं गुणोत्तर सहाच्या आसपास असेल, तर बोटांशी हा फरक जवळजवळ एक सेंटीमीटरचा होतो. गिऱ्हाईक ‘लिव्हर मऊ लागतो’ म्हणतं ते या एका सेंटीमीटरला. स्टीलचा पाइप हा सेंटीमीटर बराचसा परत देतो. बोटाला कळतं की पॅड डिस्कला कधी टेकला, किती जोर दिल्यावर चाक सुटेल. निसरड्या रस्त्यावर ही जाणीव मोलाची आहे, आम्ही ती कमी लेखत नाही. पण थांबायचं अंतर शेवटी टायर, रस्ता आणि पॅड ठरवतात. टायर गुळगुळीत झालेल्या गाडीला सोनेरी बँजो लावून देणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाचं नुकसान करतो आहे.

आता मऊ लिव्हरची दुसरी कारणं बघू, कारण रामवाडीत येणाऱ्या गाड्यांत खरा दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. ग्लायकॉल जातीचं ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१, हवेतलं पाणी शोषून घेतं. टाकीच्या झाकणातून, सिलांतून आणि रबरी पाइपाच्या भिंतीतूनसुद्धा ओल आत शिरते. नवं कोरं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे, ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची तर २०५ वरून १४० वर. पाण्याची वाफ झाली की कॅलिपरमध्ये बुडबुडा तयार होतो, बुडबुडा दाबला जातो आणि लिव्हर दांडीला टेकतो. बोरघाटाच्या उतारावर हे झालं तर पाइप रबरी होता की स्टीलचा, याने काहीही फरक पडत नाही. कित्येक जपानी कंपन्यांच्या पुस्तिकांत ऑइल दर दोन वर्षांनी बदला असं स्पष्ट लिहिलेलं असतं. यामाहा रबरी होस दर चार वर्षांनी बदलायला सांगते. आपल्याकडे गाडी दहा वर्षं चालते, दोनदा विकली जाते, आणि टाकीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालं तरी झाकण उघडलं जात नाही. उघडलं तर वरून थोडं भरलं जातं, तेही मागच्या पावसाळ्यात फोडलेल्या डब्यातलं. कोकणातल्या गॅरेजात अर्धवट उघडा ब्रेक ऑइलचा डबा ठेवणं हा गुन्हा समजला पाहिजे. लहान बाटल्या घ्या, उरलं ते फेकून द्या.

याच रांगेत आणखी एक सवय बसते. कॅलिपर पेट्रोलने किंवा रॉकेलने धुणं. ब्रेकचे सील ज्या रबराचे असतात ते खनिज तेलात फुगतं. धुताना काही कळत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पिस्टन मागे यायला कुरकुरतो, पॅड घासत राहतो, डिस्क निळी पडते, आणि गिऱ्हाईक म्हणतं पाइप बदलल्यापासून हे सुरू झालं. ब्रेक क्लीनर नसेल तर ताज्या ब्रेक ऑइलनेच पुसा.

स्टीलच्या पाइपाची बनावट समजली की त्याच्या खोड्याही समजतात. आत टेफ्लॉनची नळी असते, तिच्यावर बारीक स्टेनलेस तारेची वीण आणि चांगल्या पाइपावर सगळ्यांत वर प्लास्टिकचं वेष्टण. टेफ्लॉन १९३८ मध्ये ड्युपॉंटच्या प्रयोगशाळेत अपघाताने हाती लागलं. हे पाइप विमानांतून शर्यतीच्या गाड्यांत आणि तिथून रस्त्यावरच्या मोटरसायकलींत उतरले. आता तर रॉयल एन्फील्डच्या इंटरसेप्टर ६५० सारख्या गाड्यांना ते कारखान्यातूनच येतात. अशा गाडीचा मालकही कधी कधी ‘स्टीलचा टाका’ म्हणत येतो. त्याला आहे तो दाखवून परत पाठवा.

टेफ्लॉन एकदा मुडपलं की तिथेच संपलं. रबरी पाइप थोडा पिळला गेला तरी सहन करतो, वीण असलेला करत नाही. म्हणून बँजो आवळताना पाइप सोबत फिरू देऊ नका. दुसऱ्या हाताने तो धरून, दोन्ही टोकं आपापल्या नैसर्गिक वळणात बसली आहेत ना हे बघून मगच शेवटचा पाना मारा. तारेची वीण तुटते ती बहुधा फिटिंगच्या तोंडाशी, जिथे पाइप रोज हजारदा वाकतो. अमेरिकेच्या १०६ क्रमांकाच्या मानकात पाइप सलग ३५ तास हेलकावत ठेवून तपासतात, ते याचसाठी. आपलं भारतीय मानक आहे आयएस ७०७९. पाइपावर कसलाच छाप नाही, टोकाचं फिटिंग दाबून बसवण्याऐवजी स्क्रूने आवळलेलं आहे आणि किंमत संशय यावा इतकी कमी आहे, असा माल करोल बागेतून आलेला असो की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, हात लावू नका. ‘गिऱ्हाइकानेच आणला होता’ हे सांगून आपली सुटका होत नाही. बसवला आपण.

‘स्टेनलेस’ म्हणजे गंजणार नाही, हा समज खाडीकाठी तपासून घ्यावा लागतो. मिठातलं क्लोराइड साध्या ३०४ जातीच्या स्टीललाही बारीक खड्डे पाडतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते जास्त टिकतं, तरी अमर नाही. उघड्या विणीच्या फटीत खारी धूळ आणि चिखल बसतो आणि वाळत नाही. पेण, वडखळ, अलिबागच्या गाड्यांना वेष्टणाचाच पाइप द्या. वेष्टण नसलेली वीण आणखी एक काम चोखपणे करते. करवतीसारखी ती फोर्कचा रंग, मडगार्डची कड आणि शेजारची वायर कापत जाते. एबीएसच्या गाडीत चाकाच्या सेन्सरची वायर ब्रेक पाइपासोबतच क्लिपांत बांधलेली असते. नवा पाइप जुन्यापेक्षा बारीक असतो, जुनी क्लिप सैल पडते, वायर घासते आणि महिन्याभरात एबीएसचा दिवा लागतो. ते दुरुस्त करायला जाणारा अर्धा दिवस रबराच्या एका तुकड्याने वाचला असता.

लांबी मापताना पुढचं चाक हवेत लोंबू द्या, म्हणजे फोर्क पूर्ण खुलतो. हँडल दोन्ही टोकांना वळवून बघा. मग गाडी खाली घेऊन फोर्क दाबून बघा. पाइप ताणला जायला नको आणि चाकाकडे फुगाही यायला नको. बँजोचे वॉशर प्रत्येक वेळी नवे: एका बँजोला दोन, एकाच बोल्टावर दोन पाइप असतील तर तीन. जुना कॉपर वॉशर उलटा करून बसवणाऱ्यांची एक पिढी आपल्या धंद्यात होऊन गेली. त्या पिढीच्या गाड्या ताशी पन्नासने चालत. बोल्टाचे आटेही तपासा. १० मिमीचा बोल्ट १.२५ पिचचा असतो आणि १.० पिचचाही, जपानी वळणाच्या कॅलिपरांत पहिला, ब्रेम्बो घराण्यातल्या अनेकांत दुसरा. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे गोड बोलून आत जातो आणि मग ॲल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो. किती आवळायचा हे त्या गाडीच्या पुस्तिकेत बघा आणि टॉर्क पाना वापरा. अंदाज इथे चालत नाही.

हवा काढून झाल्यावर लिव्हर दांडीला पट्ट्याने दाबून बांधा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवा. बारीक बुडबुडे वर चढून येतात, सकाळी पुन्हा एकदा हवा काढायची. गळती असेल तर तीही सकाळी बँजोखाली दिसते. गिऱ्हाइकाला ‘तासाभरात देतो’ असं आधीच सांगून बसलात, तर हे होणार नाही. म्हणून ते सांगूच नका.

एबीएसबद्दल थोडं सविस्तर बोलणं भाग आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस आणि त्याखालच्यांना कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला. त्या वेळच्या गाड्या आता वॉरंटीतून बाहेर पडून आपल्या दारात येत आहेत. एबीएसच्या गाड्यांत मास्टर सिलिंडर ते मॉड्युलेटर आणि मॉड्युलेटर ते कॅलिपर असे पुढे दोन पाइप असतात. काम करताना मॉड्युलेटर कोरडा पडू देऊ नका. आत हवा शिरली तर नेहमीच्या पद्धतीने ती निघत नाही. आतले व्हॉल्व्ह चालू-बंद करायला कंपनीचं किंवा तसं चालणारं स्कॅनर लागतं. ते नसेल तर ते काम ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे पाठवा, यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो वेगळ्या गोष्टीत. एकच लांब पाइप मास्टरपासून थेट कॅलिपरला जोडून मॉड्युलेटर बाजूला टाकण्याची जी ‘डायरेक्ट’ पद्धत काही ठिकाणी सुरू झाली आहे, तिच्यात. ‘लिव्हर कडक लागतो’ म्हणून गिऱ्हाईक खूश होतं आणि पहिल्या पावसात पुढचं चाक लॉक होऊन रस्त्यावर पडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरबदल करण्यावर बंधनं आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंडही आहे. चांगल्या प्रतीचा पाइप जुन्याच्या जागी बसवणं आणि कंपनीने दिलेली सुरक्षा यंत्रणा काढून टाकणं यातला फरक पेणच्या आरटीओला समजावायची वेळ स्वतःवर आणू नका. हे काम पैसे दुप्पट मिळाले तरी नाकारा.

एक तोटा क्वचितच बोलला जातो. रबरी पाइप म्हातारा झाला की दिसतो: तडे जातात, फुगवटा येतो, ओलसर डाग पडतो. स्टीलच्या पाइपात आतली नळी वीण आणि वेष्टणाखाली झाकलेली असते, बाहेरून पाइप शेवटपर्यंत नवाच दिसतो. त्यामुळे बसवल्याची तारीख लिहून ठेवण्याला पर्याय नाही. जॉब कार्डावर लिहा, आणि टाकीच्या झाकणाजवळ किंवा सीटखाली ऑइल बदलल्याच्या तारखेचा छोटा स्टिकरही लावा. गाडी पुढे कोणाच्याही हाती गेली तरी पुढच्या मेकॅनिकला ती तारीख मिळेल.

राहिला पैशाचा प्रश्न. पाइपावरचं कमिशन आता ऑनलाइन दुकानांनी खाऊन टाकलं आहे. गिऱ्हाईक भाव फोनवर बघूनच येतं, त्या स्पर्धेत रामवाडीचं गॅरेज टिकणार नाही. आपल्याकडे विकायला आहे ती मजुरी. ती मागायला आपणच लाजतो. पाइप, नवे वॉशर, पूर्ण ऑइल बदल, कॅलिपर सफाई, दोनदा हवा काढणं आणि रात्रभर गाडी ठेवणं, या सगळ्याचा एकच दर ठरवा आणि भिंतीवर लिहून लावा. सुटा पाइप बसवून मिळणार नाही, हेही त्याखाली लिहा. चार गिऱ्हाइकं पुढच्या गॅरेजात जातील. ज्याला फक्त ऑइल बदल हवा आहे, त्याला तोही वेगळ्या दराने द्या. आमचा अनुभव असा, की ऑइल बदलून नीट हवा काढली की निम्मी गिऱ्हाइकं स्टीलच्या पाइपाचं पाकीट घरी परत घेऊन जातात.