आबा, तुम्ही नुसते शेजारी बसा!

मंडळी, गेल्या दिवाळीत नातू पुण्याहून भडगावला आला तो प्लेस्टेशन आणि काडेपेटीपेक्षा जरा मोठी अशी एक काळी डबी घेऊन. डबीचं नाव कॅप्चर कार्ड. मी जन्मभर खडू-फळा केलेला माणूस, पण शेजारी बसून विचारत राहिलो. मास्तरकी सुटत नाही!

जोडणी तशी सोपी. प्लेस्टेशनची एचडीएमआय वायर डबीत, डबीतून दुसरी टीव्हीला आणि यूएसबीची वायर कॉम्प्युटरला. टीव्हीवर खेळ चालतो आणि तेच चित्र कॉम्प्युटरमध्ये ओबीएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर टिपून ठेवतं. पण आमचा पडदा काळाच! तासाभराने उलगडलं. सिनेमांची चोरी होऊ नये म्हणून प्लेस्टेशन चित्राला एचडीसीपीचं कुलूप लावतं. सेटिंगमध्ये जाऊन ते काढलं तेव्हा कुठे उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी ऐन रंगात वीज गेली. रेकॉर्डिंग साध्या एमपी४ मध्ये होतं, ती फाइल पुन्हा उघडेचना. या प्रकारात फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली की सगळं वाया. एमकेव्ही प्रकार निवडला तर वीज जाईपर्यंतचं शाबूत राहतं. आमच्याकडे विजेचा लपंडाव ठरलेला, तेव्हा गावाकडच्या मुलांनी हे आधी लक्षात ठेवावं.

खरा पेच पुढेच होता. त्याला खेळ यूट्यूबवर थेट दाखवायचा होता. वय १४. जुलै २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना तिथे एकट्याने थेट प्रक्षेपण करता येत नाही, सोबत मोठं माणूस लागतं. म्हणून म्हणाला, "आबा, तुम्ही नुसते शेजारी बसा, कॅमेऱ्यात दिसा!"

मी नाही म्हटलं. खाली कोण काय लिहितंय ते मला धड वाचताही येणार नाही, मग माझी राखण ती कसली? पोरगं जेवलं नाही. सूनबाईंचाही फोन आला, "बाबा, सुट्टी आहे, करू द्या ना." मित्रांनी पाहिल्याशिवाय मजा नाही हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण मला वाटतं या डबीचा मोठा उपयोग दुसराच आहे. वर्गात पेपर परत दिला की मुलं मार्क बघून घडी घालायची. चूक नेमकी कुठे झाली ते बघायला कुणी थांबत नसे.

तिसऱ्या दिवशी रुसूनच त्याने आपलं रेकॉर्डिंग लावलं. एकाच वळणावर गाडी चार वेळा भिंतीला घासली होती. मागे नेऊन, थांबवून पाहिलं आणि पुटपुटला, "ब्रेक उशिरा मारतोय मी."

मी काही बोललो नाही. अजून तो माझ्याशी नीट बोलत नाही. १६ पूर्ण व्हायला दीड वर्ष आहे म्हणतो.